कैबाबची हरणे आणि भरतपूरच्या म्हशी
वन्यजीव-शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांचे एक वाचन

१

माझी भाची प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिसऱ्या सत्रात तिने 'वन्यजीव व्यवस्थापन' हा ऐच्छिक विषय घेतला होता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला : "मामा, कैबाबच्या हरणांवर प्रश्न आला तर काय लिहू? नोट्समध्ये एक आहे आणि तू सांगतोस ते वेगळंच. मार्क कशाला मिळतील?" मी बराच वेळ बोललो, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या उत्तरातून निघाला आहे.

माझा अधिकार काय, हे आधीच सांगितलेले बरे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नोकरी सहकारी बँकेच्या काउंटरवर गेली. नागपूरला सीताबर्डीवर रद्दीच्या दुकानात वन्यजीव व्यवस्थापनाचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक मिळाले, कुठल्याशा ग्रंथालयाने काढून टाकलेले. तिथून या वाचनाला सुरुवात झाली. त्यातील कैबाबच्या परिच्छेदाखाली कुणा विद्यार्थ्याने लाल शाईने रेघ ओढली होती आणि समासात 'व्ही. इम्पॉर्टंट' असे लिहिले होते. मलाही ती गोष्ट महत्त्वाची वाटली. इतकी, की एका छोट्या नियतकालिकात मी तिच्यावर लेख लिहून मोकळा झालो. महिन्याभरात एक पोस्टकार्ड आले. प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिले होते, की लेख वाचनीय आहे, पण ज्या आलेखावर तो उभा आहे त्या आलेखाचे पुढे काय झाले हे आपण पाहिलेले दिसत नाही. १९७० सालचा कॉगली वाचावा.

तो मिळवून वाचला आणि लेख छापून आल्याची लाज वाटली. तेव्हापासून या विषयाची जी पाठ्यपुस्तके, नोट्स आणि प्रश्नपत्रिका हाती येतात त्या मी एकच प्रश्न मनात ठेवून वाचतो : ही विद्याशाखा आपल्या चुका आपल्या विद्यार्थ्यांना सांगते का? माझे निरीक्षण असे, की संशोधनपत्रिकांत ती त्या चुकांवर मोकळेपणाने भांडते. वर्गात येईपर्यंत मात्र भांडण गळून जाते आणि निष्कर्ष तेवढा उरतो. या विषयाच्या बाबतीत हे नुकसान फार मोठे आहे, असे मला वाटते. का, ते पुढे मांडतो.

२

विद्यापीठीय विषय म्हणून वन्यजीव व्यवस्थापनाचा जन्म कधी झाला हे बऱ्यापैकी नेमके सांगता येते. १९३३ साली आल्डो लिओपोल्ड यांचे 'गेम मॅनेजमेंट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांच्यासाठी त्याच नावाचे अध्यासन निर्माण झाले. लिओपोल्ड येल विद्यापीठात वनशास्त्र शिकलेले, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या जंगलांत सरकारी वनाधिकारी म्हणून काम केलेले. हे अध्यासन कुठल्या विभागात होते, तर कृषी अर्थशास्त्राच्या. वरवर विचित्र वाटते, पण पुस्तक वाचले की त्यातली संगती कळते. लिओपोल्ड यांच्या व्याख्येचा आशय असा, की जमिनीतून शिकारीच्या प्राण्यांचे दरसालचे टिकाऊ पीक काढण्याची कला म्हणजे गेम मॅनेजमेंट. तितर, बदक, हरीण ही पिके. निवारा, चारा, पाणी आणि शिकारी जनावरे हे कमीजास्त करायचे घटक. बंदूकधारी नागरिक हा कापणी करणारा.

ही व्याख्या आज ऐकून नाक मुरडणे सोपे आहे. पण त्या काळात अमेरिकेत शिकारीच्या प्राण्यांविषयी दोनच उपाय चालत होते : शिकारीवर बंदी घालायची किंवा बाहेरून प्राणी आणून सोडायचे. लिओपोल्ड यांनी म्हटले, की आधी मोजा, प्राणी कशामुळे वाढतात-घटतात ते शोधा, मग हात घाला. त्यांनी शास्त्राचा पाया घातला तो या शिस्तीचा. 'गेम' हा शब्द पुढे मागे पडला. १९३९ साली विस्कॉन्सिनमधील विभागाला 'वन्यजीव व्यवस्थापन' हे नाव मिळाले. 'व्यवस्थापन' तेवढे राहिले, आणि त्याच्या पोटात पिकाची कल्पनाही राहिली.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात लिओपोल्ड हे लांडगे आणि प्यूमा समूळ नष्ट करावेत या मताचे होते. पुढे ते पूर्ण बदलले. १९४८ साली त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या वर्षी 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक निघाले. त्यातील एका निबंधात आपण तरुणपणी मारलेल्या लांडगीची हकिकत सांगून त्यांनी आपल्या जुन्या मताची चूक कबूल केली आहे. विषयाच्या संस्थापकानेच चुकीची कबुली लिहून ठेवावी, हे भाग्य फार थोड्या शास्त्रांना लाभते. आपल्याकडच्या नोट्समध्ये लिओपोल्ड 'वन्यजीव व्यवस्थापनाचे जनक' एवढ्या एका ओळीत येतात. वडील कळतात, वडिलांनी काय पत्करले ते कळत नाही.

३

आता कैबाब. ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर हे पठार आहे. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते शिकारीच्या प्राण्यांसाठी राखीव केले. हरणांची शिकार बंद झाली आणि सरकारी शिकाऱ्यांनी प्यूमा, लांडगे, कोयोटी, रानमांजरे मारायचा सपाटा लावला. पाठ्यपुस्तकातील गोष्ट अशी : आरंभी हरणे सुमारे चार हजार होती, मारणारे उरले नाहीत म्हणून ती वाढत १९२४ साली एक लाखावर गेली, त्यांनी पठार ओरबाडून काढले आणि पुढच्या दोन हिवाळ्यांत हजारोंनी उपाशी मेली. तात्पर्य, शिकारी प्राणी हवेत. सोबत डोंगराच्या सुळक्यासारखा वर जाऊन कोसळणारा आलेख.

ग्रॅम कॉगली हे न्यूझीलंडचे प्राणिशास्त्रज्ञ. हिमालयातून नेऊन तिथे सोडलेल्या थार या रानबोकडांचा अभ्यास करताना ते कैबाबच्या मूळ कागदांपर्यंत गेले. १९७० सालच्या निबंधात त्यांनी दाखवले, की १९२४ सालच्या हरणांच्या संख्येचे अंदाज तीस हजारांपासून एक लाखापर्यंत पसरलेले होते. त्या जंगलाची जबाबदारी असलेल्या वनाधिकाऱ्याचा अंदाज तीस हजारांचा. एक लाखाचा आकडा पाहुण्याचा. पुढच्या लेखकांनी सर्वांत मोठा आकडा उचलला. मूळ आलेखातील अडखळती, शंका दाखवणारी रेघ एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरताना गुळगुळीत होत गेली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : याच काळात पठारावरील मेंढ्या आणि गुरे यांची संख्याही फार मोठ्या प्रमाणात घटली होती. म्हणजे हरणांसाठी चारा मोकळा झाला होता. मग हरणे वाढली ती लांडगे गेल्यामुळे, की मेंढ्या गेल्यामुळे? हाती असलेल्या पुराव्यावरून ते वेगळे काढता येत नाही, असे कॉगली यांचे म्हणणे.

या लेखनानंतर परदेशातील पुष्कळ पाठ्यपुस्तकांनी कैबाबची गोष्ट गाळून टाकली. गोष्ट इथेही संपत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पठारावरील ॲस्पेन झाडांचे वय तपासले गेले. १९२०च्या दशकात रुजलेली झाडे फारच थोडी निघाली. म्हणजे त्या काळात कोवळी रोपे कुणीतरी फस्त करत होते. लिओपोल्ड यांनी सांगितलेल्या हकिकतीला त्यातून काही आधार परत मिळाला.

विद्यार्थ्याला आपण यातले काय देतो? एक तर पहिला सुळका देतो, नाही तर गोष्टच काढून टाकतो. माझ्या मते या विषयात शिकवण्यासारखे जे आहे ते या दोन्हींच्या मध्ये पडले आहे : आकडा कुणी मोजला, कशासाठी मोजला, एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कारण कसे शोधायचे, आणि सुमारे ऐंशी वर्षांनी झाडाच्या खोडाकडे साक्ष मागायची कल्पना कुणाला कशी सुचते. चार तासिकांत ही हकिकत पूर्ण सांगून होते. 'कैबाब : थोडक्यात टिपा लिहा' या प्रश्नात ती मावत नाही, एवढीच अडचण.

४

१९७८ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगो येथे मायकेल सुले यांच्या पुढाकाराने एक परिषद भरली आणि 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' हे नाव रुळू लागले. १९८५ साली सुले यांनी या शास्त्राचा जणू जाहीरनामाच लिहिला. त्यात दोन धाडसी गोष्टी आहेत. पहिली, हे संकटाचे शास्त्र आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरप्रमाणे इथे पुरावा पुरता हाती येण्याआधी निर्णय घ्यावा लागतो. दुसरी, हे शास्त्र मूल्यनिरपेक्ष नाही. जीवांची विविधता चांगली आहे, हे ते आधीच गृहीत धरते आणि तसे उघड सांगते.

ही भूमिका मला प्रामाणिक वाटते. पण शिक्षणाच्या दृष्टीने ती अवघड जबाबदारी अंगावर घेते. अपुऱ्या पुराव्यावर निर्णय घ्यायचा असेल, तर निर्णय चुकला हे ओळखण्याची आणि मागे फिरण्याची तालीम वैद्यकापेक्षाही इथे जास्त हवी. रोगी दगावला तर डॉक्टरला ते कळते. धोरण चुकले तर अभयारण्य दहा वर्षे काहीच बोलत नाही.

याही शाखेची परखड तपासणी कॉगली यांनीच केली. १९९४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी सांगितले, की या शास्त्रात दोन विचारधारा वेगवेगळ्या वाहत आहेत. एक, थोड्या उरलेल्या प्राण्यांचा विचार करणारी : अंतःप्रजनन, जनुकीय विविधता, किमान किती प्राणी हवेत याची गणिते. हिच्याकडे देखणा सिद्धांत आहे, पण मुळात प्राणी कमी का झाले हे ती विचारत नाही. दुसरी, घटत्या प्राण्यांचा विचार करणारी : कारणांची यादी करा, एकेक तपासा, खरे कारण सापडले की ते दूर करा. हिच्याकडे सिद्धांत फारसा नाही, पण प्राणी वाचतात ते हिच्यामुळे. सिद्धांताला गणित असते, गणितावर परीक्षेत प्रश्न काढता येतो. म्हणून वर्गात पहिल्या धारेचे पारडे सहज जड होते. मला मिळालेल्या प्रश्नपत्रिकांतही तेच दिसले.

दुसऱ्या धारेचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे गिधाडे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात शिकारी पक्ष्यांच्या नोंदी केल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी केली तेव्हा गिधाडांची संख्या भयानक घटलेली दिसली. १९९९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. कारण काय? विषाणू, कीटकनाशके, अन्नटंचाई अशा शंका पुढे आल्या. उत्तर २००४ साली आले : पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती.

या शोधाला काय काय लागले ते पाहावे. एका माणसाने जुन्या वहीत चिकाटीने केलेल्या नोंदी लागल्या, आणि ज्यांचा 'अधिवास व्यवस्थापना'शी काही संबंध नाही अशा विकृतिशास्त्रज्ञांची सुरी लागली. जंगलाला कितीही कुंपण घातले असते तरी गिधाडे मरतच राहिली असती. हे प्रकरण नोट्समध्ये येते ते 'गिधाडांच्या ऱ्हासाचे कारण : डायक्लोफिनॅक' या ओळीच्या रूपात. बाद झालेली कारणे कुणी कशी बाद केली हे त्यात नसते. अभ्यास तर तोच होता.

५

भारतात या विषयाचे रीतसर शिक्षण उशिरा सुरू झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२चा, व्याघ्रप्रकल्प १९७३चा. भारतीय वन्यजीव संस्था डेहराडूनला १९८२ साली स्थापन झाली आणि १९८८ पासून तिथे वन्यजीव विज्ञानाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम राजकोटच्या सौराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न होऊन चालू लागला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात, तमिळनाडूत, पुढे बंगळुरूला असे अभ्यासक्रम निघाले. तिथून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी देशात उत्तम संशोधन केले आहे, हे नोंदवून पुढे जातो. माझा रोख त्या मोजक्या केंद्रांपेक्षा प्राणिशास्त्राच्या शेकडो विभागांत ऐच्छिक विषय म्हणून हे जे शिकवले जाते त्यावर आहे.

अशा प्रत्येक वर्गात भरतपूरची हकिकत सविस्तर यायला हवी. हे उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे, आणि निसर्गनिर्मित नाही. संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी बांध घालून, पाणी अडवून तयार केलेली ही पाणथळ जागा. आसपासच्या गावांची गुरे आणि म्हशी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर कायद्याप्रमाणे चराई बंद करणे आले. सालीम अलींसारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञाचेही मत बंदीच्या बाजूचे होते. १९८२ साली बंदी झाली, गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष होऊन गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली.

याच सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे दहा वर्षांचा परिसर-अभ्यास हाती घेतला होता. व्ही. एस. विजयन हे त्याचे प्रमुख. बंदीनंतर काय झाले ते या अभ्यासाने टिपले. म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातील पास्पलम नावाचे गवत आणि इतर वनस्पती बेसुमार माजल्या. उघडे पाणी कमी झाले, पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला. म्हशी त्या तळ्याच्या शत्रू नव्हत्या. तळे उघडे ठेवणाऱ्या त्याच होत्या. अहवालाने मर्यादित प्रमाणात म्हशींना पुन्हा येऊ द्यावे असे सुचवले. राष्ट्रीय उद्यानात गुरांना कायद्याने मज्जाव आहे, त्यामुळे ते झाले नाही. गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी मिळाली. म्हशीचे काम माणसाने विळ्याने करायचे.

इथे दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. ज्या संस्थेचे थोर शास्त्रज्ञ बंदीच्या बाजूचे होते, त्याच संस्थेच्या संशोधकांनी ती चूक होती असे सांगितले. याला मी विज्ञानाची लाज म्हणणार नाही. विज्ञानाची किंमत वाढवणारी घटना म्हणेन. पण मधल्या काळात जी माणसे गेली, त्यांना हा अहवाल परत आणू शकत नाही. संकटाच्या शास्त्रात निर्णयाची किंमत नेहमी निर्णय घेणारा देत नाही, हा धडा सुले यांच्या जाहीरनाम्याशेजारी ठेवूनच शिकवला पाहिजे. भरतपूर हे 'पाणथळ जागेचे उदाहरण', 'रामसर स्थळ', 'जागतिक वारसा' अशा यादीत घातले की यातले काहीच उरत नाही.

६

इतके लिहिल्यावर विद्यापीठांना झोडपून जाणकार वनरक्षकाच्या किंवा माझ्यासारख्या हौशी वाचकाच्या गळ्यात हार घालायचा मोह होतो. आपल्याकडे तसे लेख बरेच निघतात. तो मोह आवरायला वाघांची मोजणी उपयोगी पडते.

ओडिशातील वनाधिकारी एस. आर. चौधुरी यांनी १९६६ साली पायांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत आणली. १९७२च्या देशव्यापी गणनेत ती वापरली गेली आणि आकडा आला १,८२७. अनुभवी माणूस ठसा पाहून नेमका कोणता वाघ ते ओळखतो, यावर ही पद्धत उभी होती. जंगलात आयुष्य काढलेल्यांचे ते ज्ञान होते, आणि मी स्वतः त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. उल्हास कारंत आणि इतर संशोधकांनी वर्षानुवर्षे आक्षेप घेतला, की या ओळखीची स्वतंत्र परीक्षा झालेली नाही, आणि न दिसलेल्या वाघांचे काय याचे उत्तर पद्धतीकडे नाही. मग राजस्थानातील सारिस्का घडले. कागदावर २००४ साली तिथे वाघ होते. २००५च्या सुरुवातीला एकही नसल्याचे स्पष्ट झाले.

त्यानंतर कॅमेरे आणि संख्याशास्त्र यांवर आधारलेली नवी पद्धत आली. २००६चा आकडा १,४११ निघाला. आधीची गणना ३,६४२ म्हणत होती. दोन्हींची वजाबाकी करून इतके वाघ चार वर्षांत मेले असे लिहिणारे पुष्कळ होते. त्यांत मीही होतो. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टींची वजाबाकी होत नाही, हे बँकेत नोकरी केलेल्या माणसाला तरी सुचायला हवे होते. २०२२चा अंदाज पाहा : सरासरी ३,६८२, पण खालची मर्यादा ३,१६७ आणि वरची ३,९२५. जुन्या ३,६४२ शी हा आकडा जवळपास जुळतो, आणि तरीही दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. जुना आकडा एकच संख्या सांगत होता. नवा आपल्याला किती माहीत नाही तेही सांगतो. ही सवय जंगलात फिरून लागत नाही. ती वर्गात, गणिताच्या फळ्यासमोर, चुका तपासून घेऊन लागते. आम्हा स्वयंशिक्षितांचा मोठा दोष हा, की आमचा पेपर कुणी तपासत नाही. मला वेळेवर एक पोस्टकार्ड आले, म्हणून मी वाचलो.

तेव्हा माझी तक्रार विद्यापीठ फार शिकवते अशी नाही. जे शिकवणे फक्त त्यालाच शक्य आहे, तेच ते टाळते, ही माझी तक्रार आहे.

७

शेवटी आपल्या भाषेविषयी. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील 'कॉन्झर्व्हेशन'साठी मराठीत आपण आलटून पालटून तीन शब्द वापरतो : संरक्षण, संवर्धन, संधारण. अभ्यासक्रमाची भाषांतरे होतात तेव्हा यांपैकी कुठलाही शब्द कुठेही बसवला जातो. पण मराठी माणसाच्या तोंडात या तिघांचे अर्थ वेगळे आहेत. संरक्षण म्हणजे राखण. बाहेरच्याला आत येऊ न देणे. संवर्धन म्हणजे वाढवणे. पशुसंवर्धन, मत्स्यसंवर्धन हे शब्द दूध आणि मासळी यांच्या उत्पन्नाशी बांधलेले आहेत. संधारण म्हणजे धरून ठेवणे, टिकवणे. मृदसंधारणात बांध घालतात, पण मातीला कुलूप लावत नाहीत.

आता मागे वळून पाहावे. १९३३च्या लिओपोल्ड यांचे शास्त्र चोख 'संवर्धन' होते. आपला १९७२चा कायदा नावानेच 'संरक्षण' आहे. भरतपूरला ज्याची गरज होती ते 'संधारण' : पाणी, गवत, म्हैस, पक्षी यांचा चाललेला व्यवहार चालू ठेवणे. एकाच इंग्रजी शब्दाखाली झाकलेला वाद मराठीत शब्द नीट वापरले तर उघडा पडतो. मराठीतून शिकवले तर विषय सोपा होईल, असा माझा दावा नाही. कदाचित तो अवघड होईल, कारण शिक्षकाला दर वेळी नेमका शब्द निवडावा लागेल. आणि शब्द निवडला की बाजूही निवडावी लागेल.

साहित्याच्या वाचकांना आणखी एक सुचवावेसे वाटते. धारवाडच्या जंगलात जपानी संशोधक सुगियामा यांनी साठच्या दशकात वानरांच्या टोळीवर परका नर ताबा मिळवतो आणि पिल्ले मारली जातात हे नोंदवले. अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनी सत्तरच्या दशकात त्याचा वेगळा अर्थ लावला. हा गर्दीमुळे आलेला विकार, की नराच्या वंशवृद्धीची रीत, यावर मोठा वाद झाला. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही कादंबरी याच विषयाची. आपण तिच्याकडे बहुधा माणसांच्या राजकारणाचे रूपक म्हणून पाहिले. प्राणिवर्तनाच्या वर्गात ती या दोन संशोधकांच्या शेजारी ठेवून वाचली, तर पाहणे कुठे संपते आणि अर्थ लावणे कुठे सुरू होते, हे विद्यार्थ्याला मायबोलीत कळेल. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाचेही असेच. वनाधिकाऱ्याची नोंद, आदिवासींकडून मिळालेला शब्द आणि ऐकीव गोष्ट ही तिन्ही त्यांच्या गद्यात एकत्र येतात. त्यांच्यावर माया असणाऱ्यांनीच ती वेगळी करून वाचायला शिकावे. त्याने लेखक लहान होत नाही.

माझी सूचना लहान आहे. प्रत्येक अभ्यासक्रमात एक पेपर असा असावा, ज्यात या विद्याशाखेच्या चार-पाच चुका मूळ कागदांसकट शिकवल्या जातील : कैबाब, भरतपूर, वाघांचे ठसे. उत्तर लिहिताना 'हे कशावरून?' हा प्रश्न ज्याने विचारला, त्याला गुण मिळावेत. हेच विद्यार्थी उद्या वनाधिकारी, सल्लागार, शिक्षक होणार. कुणाची गुरे कुठे चरायची नाहीत हे तेच ठरवणार.

भाचीला परीक्षेत कैबाबवर प्रश्न आला, पाच गुणांचा. तिने नोट्सप्रमाणे उत्तर लिहिले आणि शेवटी एक ओळ जोडली : या आकड्यांविषयी संशोधकांत मतभेद आहेत. तिला साडेतीन गुण मिळाले. त्या ओळीचे मिळाले, की त्या ओळीचे गेले, हे तिला कळले नाही. उत्तरपत्रिका तिला परत पाहायला मिळाली नाही. रद्दीतले ते पुस्तक आता तिच्याकडे आहे. लाल शाईच्या 'व्ही. इम्पॉर्टंट'खाली मी पेन्सिलीने '१९७०' आणि '२००६' एवढेच लिहून ठेवले आहे. तिच्या हाताखाली कधी विद्यार्थी आले, तर पुढची साले ती लिहील.